चिखलाचं बोट

शेवंताबाई, माझी मोठी बहीण, तिच्यामुळेच मी पदवीपर्यंत पोहोचलो. आज कागद चाळताना बारावीचं हॉलतिकीट सापडलं. कोपऱ्यावर उमटून वाळलेलं चिखलाचं बोट.

पुरवणी परीक्षा, शेवटची संधी, आणि हॉलतिकीट घरी विसरलेलं. मोहाडीच्या केंद्राचं फाटक बंद होत असताना निरोप मिळालेली बाई धानाची रोवणी अर्धवट सोडून, चिखलाच्या हातांनीच शेजाऱ्याच्या गाडीवर आली. मांडीवर घरातल्या कागदांची अख्खी पत्र्याची पेटी.

"पेटी काहून आणली?" मी खेकसलो.

"मले वाचता येते का? पाह्य, कोणता कागद तुहा."

पेपरात प्रश्न होता, कथेतली आई अशी का वागते? मी पाठ केलेलं लिहिलं : प्रेमापोटी. बाहेर बाई पेटीवर बसलेली होती, तिची आठवणही झाली नाही.

आज तिला पत्र टाकलं, शेजारी वाचून दाखवेल : "बाई, सोबत पदवीची प्रत आहे. तुहा कागद कोणता, हे तुले ओळखू यावं म्हणून कोपऱ्यावर चिखलाचं बोट लावलं आहे."