साखरपुड्याला गेलेले केंद्रप्रमुख

केंद्रप्रमुख म्हणजे नेमका कोण, हे गावात कुणालाच धड सांगता येत नाही. मास्तर पोरांना शिकवतो, तालुक्याचा साहेब मास्तरांना नोटिसा काढतो, आणि या दोघांच्या मधे मोटारसायकलवर जो माणूस सगळ्यांची बोलणी खात हिंडतो तो केंद्रप्रमुख. कुंभार पिंपळगावच्या पुढच्या दहा-बारा शाळांवर संपत उढाण असे हिंडत. रंग उन्हानं रापलेला, खांद्याला रेक्झिनची पिशवी, बोलणं मऊ. या मऊ बोलण्यावर त्यांनी बरंच काही मिळवलं होतं आणि त्याच बोलण्यानं त्यांचा घात केला.

नोकरीला लागले तेव्हा ते याच भागात शिक्षणसेवक होते. पहिल्याच वर्षी दिवाळीची सुटी संपवून शाळेत आले, तर वर्गात चार पोरं आणि व्हरांड्यात एक शेळी. सुटी वाढवलीय की काय, म्हणून पोरसवदा मास्तर शेजारच्या घरी विचारायला गेला. तिथल्या म्हाताऱ्याला त्याची कीव आली. "पोरं आईबापासंगं कोयत्याला गेली की सर. आता उन्हाळ्यातच येतेल."

ऊसतोडीचा हिशोब उढाणांना त्या दिवशी कळला. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. एकटा माणूस अर्धा कोयता. टोळी जमवणारा मुकादम माणसं मोजत नाही, कोयते मोजतो. अंकुशनगरचा कारखाना हाकेच्या अंतरावर असूनही टोळ्या पार कर्नाटकापर्यंत जातात आणि पोरं फडाच्या कडेला खोपीत तान्ही भावंडं सांभाळत बसतात. पहिलीतलं पोरगं सहा महिन्यांनी परत येतं तेव्हा स्वतःचं नाव लिहायला विसरलेलं असतं. उढाणांच्या डोक्यात एकच गोष्ट बसली ती तेव्हा. ऐन जानेवारीत शाळा भरलेली दिसली पाहिजे. बरोबरीच्या लोकांनी जालन्यात घरं बांधली, संघटनेत पदं मिळवली. हा गृहस्थ मात्र पदवीधर शिक्षक झाला, मुख्याध्यापक झाला, केंद्रप्रमुख झाला, तरी जाईल तिथं जानेवारीचंच बोलायचा. लोक हसत. हसणाऱ्यांची पोरं शहरात शिकत होती, त्यांचं काय जात होतं?

यावर सरकारी उपाय होता, हंगामी वसतिगृह. नाव भारदस्त, पण पोरं झोपायची आजी-आजोबांकडं आणि दोन वेळ जेवायची शाळेत, एवढंच त्याचं रूप. अडचण अशी की आईबाप पोरं ठेवून जायला राजी नव्हते. उढाण सर दारोदार फिरले, सभा घेतल्या, घसा बसवून घेतला. मग त्यांच्या लक्षात आलं की ही माणसं मास्तराचं ऐकत नाहीत, मुकादमाचं ऐकतात. म्हणून त्यांनी अंगद मुकादमाला धरलं. त्याच्याकडं चहा घेतला, झेंडावंदनाला त्याच्या हातानं नारळ फोडून घेतला, शाल घातली. मुकादमालाही व्यवहार पटला, कारण पोरं घरी राहिली की बाईचा हात फडात मोकळा राहतो. त्यानं टोळीला सांगितलं, "पोरं सरांकडं ठिवा आन् बिनघोर चला." दुसऱ्या वर्षीपासून वसतिगृह भरायला लागलं. एका जानेवारीत जालन्याहून साहेब आले आणि भरलेल्या वर्गाचे फोटो काढून गेले. त्या रात्री उढाण सरांना आनंदानं झोप लागली नाही.

पायल ही त्या वसतिगृहातली सगळ्यात हुशार मुलगी. बाप भुजंग आणि आई नंदाबाई, दोघं अंगद मुकादमाच्या टोळीत. पायल पाच वर्षं आजीजवळ राहून शाळेत जेवली आणि आठवी झाली. गावात शाळा आठवीपर्यंतच, पुढं एसटीनं कुंभार पिंपळगाव. वसतिगृहाची सोयही आठवीलाच संपायची, आणि बहुतेक मुलींचं शिक्षणही त्याच वर्षी संपायचं. चौदा-पंधराची पोर म्हाताऱ्या माणसाच्या भरवशावर कोण ठेवणार? उढाण सरांनी नववी-दहावीच्या मुलींसाठी वेगळी सोय मागितली होती, त्यासाठी जालन्याच्या कचेरीचे उंबरे झिजवत होते. पायल त्यातली पहिली मुलगी व्हायची होती. त्यांनी नंदाबाईला शब्द दिला, "दहावी होईपर्यंत पोरगी माझी जबाबदारी." आणि हे ते मनापासून बोलले होते.

मे महिन्यात नंदाबाईचा फोन आला. आवाज दबका. "सर, पायलचं जमवून राह्यलेत. मुकादमाच्या भाच्याला द्यायलेत. पोरगा अर्धाच कोयता हाय, त्याला जोडी पायजे. माझं घरात कुणी ऐकत न्हाई. तुम्ही जल्दी या."

बालविवाह कुठं कळवायचा, हे केंद्रप्रमुखाला सांगावं लागत नाही. शाळाशाळांच्या भिंतींवर तो नंबर त्यांनीच रंगवून घेतला होता. त्यांनी मोबाइल हातात घेतला आणि तसाच ठेवला. पोरगा मुकादमाचा भाचा. पोलीस दारात आले तर अंगद बिथरणार, आणि अंगद बिथरला की दिवाळीत एकही पोरगं मागं राहणार नाही. फोन राहिला बाजूला, सर मुकादमाकडं गेले. गोडीत सांगू, ऐकेल.

अंगदनं चहा मागवला. "लग्न कोण करून राह्यलंय, सर? नुसता साखरपुडा हाय. पोरगी अठराची झाल्याबिगर लग्न न्हाई, माझा शब्द. खोटं वाटत आसंल तर तुम्ही सोता या, म्होरं बसून बघा."

घरी येताना सरांना फार हलकं वाटत होतं. बायकोला, संध्याला, त्यांनी सगळं सांगितलं. ती भाजी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "साखरपुड्यातच लग्न उरकत्यात, तुम्हाला म्हाईत न्हाई का? आपल्या भावकीत दोन झाली तशी."

"मी समोर बसल्यावर बिशाद आहे का त्यांची?" सर म्हणाले.

"तुम्ही जाऊ नका, आन् जायचंच आसंल तर पोलीस घेऊन जा." सरांनी तो विषय तिथंच संपवला. बायकोचं ऐकणं त्यांना कमीपणाचं वाटलं असं नाही. मुकादमाच्या शब्दावर विश्वास ठेवणं सोयीचं होतं, म्हणून त्यांनी तो ठेवला.

साखरपुड्याला मांडव लहानच होता. सरांना पुढची खुर्ची मिळाली, टॉवेल-टोपी झाली, हातात नारळ आला. पायल साडीत होती. सर दिसल्याबरोबर तिचा चेहरा उजळला. सर आले म्हणजे आता काही वावगं होत नाही, असं तिला वाटलं असणार.

साखरपुडा झाला. मग एक वयस्कर पाहुणे उठले आणि म्हणाले, "सोयरे जमलेच हायेत, तर दोनदा खर्चा कशाला?" माना हलल्या. कुणाला नवल वाटल्याचं दिसलं नाही. भटजी हजर होते, अंतरपाट कुणाच्या तरी पिशवीतून निघाला, आणि कुणीतरी सरांच्या तळहातावर अक्षता ठेवल्या. आत्ता उठायला हवं, हे त्यांना कळलं. ते थोडे उठलेही. शेजारी बसलेल्या अंगदनं त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला. "बसा सर. होऊन जाऊ द्या. तुमचं वसतिगृह माझ्याकडं लागलं." सर बसले. मंगलाष्टकं सुरू झाली. शेवटचं 'सावधान' झालं, साऱ्या मांडवाचे हात वर गेले, त्यात सरांचाही गेला. शेकडो लग्नांची सवय होती त्या हाताला. पण सवयीवर ढकलून ही गोष्ट मिटत नाही, आणि ते त्यांनाही ठाऊक होतं.

आता तक्रार करायची तरी कोणत्या तोंडानं? लग्नाच्या व्हिडिओत पुढच्या रांगेत टोपी घालून केंद्रप्रमुख बसलेले. जूनमध्ये शाळा उघडल्या. पायल नववीच्या वर्गात आली नाही. बाकीच्या पोरांचं तरी नुकसान नको, असं सर स्वतःला समजावत राहिले. मुलींच्या सोयीचा विषय घेऊन ते जालन्याला पुन्हा गेले नाहीत. साहेबानं विचारलं असतं की पहिली मुलगी कोण, तर कुणाचं नाव सांगणार होते?

दिवाळी झाली. टोळी निघायच्या दिवशी सर सकाळीच शाळेत येऊन बसले. वसतिगृहाचा पहिला दिवस, भाताला आधण ठेवलेलं. पारापाशी ट्रक उभा होता आणि भांडीकुंडी चढत होती. नंदाबाई शाळेच्या दारात आली. धाकटी मुलगी, पाचवीतली आकांक्षा, आत बसली होती. तिला आईनं हाक मारली आणि दप्तर तिथंच ठेवायला सांगितलं.

सर लगबगीनं पुढं झाले. "नंदाबाई, हिला कशाला नेता? हिचं अख्खं वर्ष जाईल."

"जाऊ द्या."

"मी आहे ना इथं."

नंदाबाईनं पदर सारखा केला. तिच्या बोलण्यात राग नव्हता. राग असता तर सरांना सोसला असता. "त्या दिवशी मांडवात बी तुम्ही व्हते, सर. मी कुणाकडंच बघत नव्हते, तुमच्याकडंच बघून राह्यले व्हते. म्हणलं, आता उठताल. मंग तुम्ही अक्षदा टाकल्या. मोठी तुमच्या भरवशावर ठिवली आन् गेली. ही फडात माझ्या डोळ्याम्होरं राहील. न्हाई शिकली तर न्हाई शिकली."

सरांना पायलच्या आईला सांगायचं होतं की मी चुकलो. पण तोवर तिच्या मागं टोळीतल्या बाया येऊन उभ्या होत्या. त्यांनीही आपापल्या पोरांना हाका मारल्या. ट्रकपाशी उभा असलेला अंगद मुकादम ओरडून सांगत होता, पोरं सरांकडं ठिवा म्हणून. आज कुणी त्याचंही ऐकलं नाही.

आकांक्षा मात्र खुशीत होती. ट्रकमध्ये नवऱ्याशेजारी पायल बसली होती, आणि ताईजवळ बसायला मिळणार म्हणून ती आईच्या पुढं पळत गेली.