झगा पांढरा रंगवावा

पाच वर्षांच्या लेकीला, रूथला घरीच शिकवायचं म्हणून परवडेल असा ख्रिस्ती अभ्यासक्रम शोधतेय. सगळ्यात स्वस्त संचाच्या नमुना पानावर मेंढपाळाचं चित्र होतं. रूथनं खडूनं त्याला काळं घोंगडं आणि लाल पागोटं चढवलं. उत्तरांच्या पानावर लिहिलेलं, 'झगा पांढरा रंगवावा.'

नवरा म्हणाला, "चुकलं तिचं. परवडतंय ना, घे की."

माझं डोकंच फिरलं. आमच्या शेतात दरवर्षी धनगर खतासाठी मेंढरं बसवतात, पोरगी ते बघते. देव मेंढपाळासारखा सांभाळतो म्हटल्यावर तिला दुसरं कोण आठवणार? मी घरातली पहिली पदवीधर. पुस्तकातलं तेच खरं, आपलं चूक, असं मानत पंधरा वर्षं शिकले. हिच्यावर ती पाळी नको.

कोऱ्या वह्या आणल्यात. धडे मीच लिहिणार. चुका काढायच्या तर माझ्या काढा.