चालतं पाणी

नदी ही माता आहे आणि ती आपल्या लेकरांना कधीही अंतर देत नाही, असं आमच्या शाळेच्या भिंतीवर निळ्या अक्षरांत लिहिलेलं होतं. आमची नदी मांजरा. आणि तिनं लेकरांना पाणी द्यायचं की नाही, हे निलंग्याहून जीपनं येणारे एक साहेब ठरवत. बंधाऱ्याची लोखंडी दारं त्यांच्या ताब्यात होती.

आमचं घर भोयाचं. बंधाऱ्याच्या खालच्या अंगाला, लव्हाळ्याच्या बेटांतून गुडघाभर पाणी हिंडायचं – उन्हानं कोमट झालेलं, शेवाळाच्या हिरव्या वासाचं, तळाशी सायीसारखा मऊ गाळ धरलेलं… पावसाळा सरत आला, की त्या पाण्यात माशांच्या बोटभर पिल्लांचे थवे दिसू लागत. मी काठावर पालथी पडून ते बघत असे. माझी सावली हलली की सगळा थवा एका अंगासारखा वळायचा. भाद्रपद-आश्विनात तिथं जाळं टाकायचं नाही, पायसुद्धा जपून ठेवायचा, असा आमच्यात दंडक होता. बा त्या जागेला ‘बाळंतिणीची खोली’ म्हणायचा. पाणी पळतं तिथून पिल्लं वाहून जातात, पाणी थांबतं तिथं त्यांचा जीव कोंडतो. त्यांना चालतं पाणी लागतं, असं तो सांगे. पुढे मी याच विषयावरची जाड पुस्तकं वाचली. त्यांत आकृत्या जास्त आहेत.

मी चौथीत होते, त्या वर्षी बंधाऱ्याच्या जलपूजनाला एक मोठे पुढारी येणार असं ठरलं. एरवी दारं एकेक करून आठ-दहा दिवसांत लागत, तेवढ्यात पिल्लं पाण्यामागं खाली डोहाकडे सरकत. पण पूजेला पाणी काठोकाठ दिसावं म्हणून आदल्या संध्याकाळी ती सगळी एकदम लावली गेली. स्वागताला कलश घेतलेल्या अकरा मुली होत्या, त्यांत मी. डोक्यावर चिंचेनं घासलेला पितळी कलश, त्यात पाणी, वर आंब्याची पानं आणि नारळ… सकाळी आम्ही ओळीनं नदीच्या वाटेला लागलो, आणि बाळंतिणीच्या खोलीत पाणी नव्हतं.

ओल्या गाळावर पिल्लं पडली होती. पाय ठेवायला जागा नव्हती इतकी. पुष्कळांची तोंडं अजून उघडत-मिटत होती, आणि त्या सगळ्यांचा मिळून एक बारीक, ओला आवाज येत होता. नदी बंद करता येते, हे मला तोवर माहीत नव्हतं.

बा बंधाऱ्यावर धावला. “साहेब, दोन दारं तरी उघडा. खाली पिल्लं मरायलीत.” साहेब काही वाईट माणूस नव्हते, कार्यक्रम आटोपला की बघू म्हणाले. भाषणं तीनच होती. बा परत आला आणि मायला म्हणाला, “पुढल्या साली जाळ्यात जे यायचं, ते समदं हितं पडलंय.”

मायनं माझ्या कलशावरचा नारळ उचलून बाजूला ठेवला आणि मला गाळात उतरायला सांगितलं. आमच्याबरोबर आलेल्या शाळेच्या बाई कळवळल्या, “अहो, पूजेचा कलश आहे तो.”

“मंग पूजाच करायलोत, बाई,” माय म्हणाली.

आम्ही ओंजळीनं पिल्लं वेचली. अकराही कलश भरले. जवळ दुसरं पाणी नव्हतं, म्हणून ती बंधाऱ्यावरच्या साठ्यात सोडायला चढून गेलो, तर पायरीवर पुढारी उभे. चिखलानं माखलेल्या माझ्या हातांतून त्यांनी हसत कलश घेतला, पाण्यात ओतला, आणि त्यातून काहीतरी वळवळत पडलेलं बघून दचकून मागं सरले. निवेदक मात्र सराईत होता. प्रमुख पाहुण्यांच्या शुभहस्ते मत्स्यबीज सोडण्यात येत आहे, असं त्यानं लाउडस्पीकरवरून सांगितलं. टाळ्या पडल्या. उरलेले दहा कलशही मग पुढाऱ्यांनीच ओतले.

बाकीची पिल्लं खालीच राहिली. आधी बगळे आले, मग कावळे, मग वास… तो आठवडाभर आमच्या भाकरीलासुद्धा येत होता. पुढल्या वर्षी बाचं जाळं नुसतंच ओलं होऊन घरी येऊ लागलं, आणि त्याच्या पुढच्या वर्षी तो लातूरला अडतीवर हमालीला लागला.

जलपूजन अजून होतं. मत्स्यबीज सोडणं हा आता निमंत्रणपत्रिकेतला वेगळा कार्यक्रम आहे. पिल्लं हवा भरलेल्या प्लॅस्टिकच्या पिशव्यांतून टेम्पोनं येतात. दारं आदल्या संध्याकाळी लावलेली असतात.