डिस्ट्रिब्यूटरवरचं कुंकू

लग्नानंतरची पहिली काही वर्षं मी एका मोटारगाडीवर जळत होते. सगळ्या गाडीवर नाही म्हणा. तिच्या बॉनेटखाली उपड्या वाटीएवढं एक काळं झाकण होतं, त्याच्यावर. आणि ते झाकण हातात धरायचा मान जिला मिळायचा, त्या माझ्या नणंदेवर. आता घरातली माणसं म्हणतात, एवढं जुनं झालं, हसून सोडून द्यावं. मी काय म्हणून सोडू? जळले ती मी.

गाडी विलायती, काळ्या रंगाची, वय झालेली. स्वातंत्र्य आलं तेव्हा नागपुरातले साहेब लोक सामानसुमान विकून निघाले, त्यांतल्या एकाकडून माझ्या नवऱ्यानं ती घेतली होती. हे वकील. आमच्या हातमागावरच्या लोकांत काळा कोट घालणारा आपला मुलगा पहिलाच, असं सासूबाई येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवत. आठवडाभर गाडी कोर्टात जाई, सीताबर्डीला जाई, आणि रविवारी सकाळी अंगणातल्या कडुलिंबाखाली तिचं बॉनेट उघडलं जाई. मग जेवणाची हाक येईपर्यंत हा माणूस आमचा नसे.

ते काळं झाकण म्हणजे डिस्ट्रिब्यूटरचं. इंजिनाच्या प्लगांना पाळीपाळीनं ठिणगी वाटून द्यायची, हे डिस्ट्रिब्यूटरचं काम. झाकणातून जाड तारा निघतात, आत रोटर फिरतो आणि रोटरच्या खाली दोन बारीक पॉइंट उघडतात, मिटतात. ते जळून काळे पडले की गाडी खोकायला लागते. मग पॉइंट घासायचे आणि त्यांच्यातली फट पोलादाच्या पातळ पात्यानं मोजून बरोबर करायची. मोजताना पॉइंट पुरते उघडलेले हवेत, म्हणून कुणीतरी गाडीपुढं उभं राहून हँडल हळूहळू फिरवायचं, आणि ‘थांब’ म्हटलं की जागच्या जागी थांबायचं. हे सगळं मला स्वयंपाकघराच्या खिडकीतून पाठ झालं होतं. झाकण धरून ठेवणारे चाप तेवढे इंजिनाच्या पलीकडच्या अंगाला, ते दिसत नसत.

जागच्या जागी थांबणं नणंदेला जमायचं. ती माझ्याहून थोडी लहान, सायन्स कॉलेजात जाणारी, दोन वेण्या पुढं टाकून हँडलशी उभी राहायची. हे डोकं आत घालून म्हणत, "थांब," आणि ती थांबे. मग हे म्हणत, "वा." एवढंच. पण तो ‘वा’ माझ्या कोणत्याही भाजीला कधी मिळाला नव्हता. झाकण तीच पुसे, रोटर तिच्याच ओंजळीत ठेवला जाई. गाडी निघाली की पुढच्या सीटवर तीच बसे, कारण इंजिनाचा आवाज बिघडला तर तिच्या आधी लक्षात येतो म्हणे. मी आणि सासूबाई मागं, मांडीवर पिशव्या घेऊन.

एका रविवारी मी चहा घेऊन गेले आणि तो उघडा डिस्ट्रिब्यूटर जवळून पाहावा म्हणून हात पुढं केला. हे चटकन म्हणाले, "हात नको लावू. तुझ्या हाताले फोडणीचं तेल आहे. पाइंटाले तेल लागलं का ठिणगी मेली."

नणंद हसली. ओठ मिटून हसली, पण हसली.

मी सावनेरकडच्या खाप्याची. आमच्या घरी माग. तुटलेला रेशमाचा धागा जोडावा तर मीच, गाठ कुठं आहे ते वडिलांनाही बोट फिरवून सापडत नसे. आणि माझे हात इथं तेलकट ठरले. बरं, फोडणी मी काही माझ्या हौसेनं देत नव्हते. ती या दोघांच्याच पोटात जात होती. चहाचे कप उचलून मी आत आले आणि त्या दिवशीची भाजी अंमळ खारट झाली. मुद्दाम नाही, पण मला वाईटही वाटलं नाही.

त्या वर्षी ठरलं की दसऱ्याला गाडी घेऊन खाप्याला जायचं. माझ्या वडिलांना सोनं द्यायचं आणि मला तिथं ठेवून यायचं, कारण दसऱ्याला आलेली लेक दिवाळी झाल्याशिवाय सासरी परतत नाही अशी आमच्या घरची रीत. येताना हे एकटे नकोत म्हणून नणंदही बरोबर येणार होती. मी ह्यांना म्हटलं, "एक मागते. पुढं मी बसणार."

"बस की," हे म्हणाले. "त्यात काय मागायचं?"

त्यात काय होतं ते ह्यांना कळलं नसतं. आमच्या गल्लीत घराघरात माग. गाडी शिरली की सगळे माग थांबणार, माणसं ओट्यावर येणार, आणि त्यांना दिसणार की वकिलाच्या शेजारी कोण बसलं आहे. मला ते हवं होतं. महिनाभर मी दुसरं काही मनात आणलंच नाही.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी खंडेनवमी. त्या दिवशी हत्यारांची, अवजारांची पूजा. आमच्या माहेरी मागाची होते, इथं गाडीची. मी आत पुरणावर होते. अंगणात सासूबाई पाटावर बसून नणंदेला सांगत होत्या, ते कानावर येत होतं.

"वरून वरून काय लावून राहिली वं? मागाच्या खांबाले कोणी कुंकू लावते काय? धोट्याले लावतात. जे चालते, त्याले लावाव."

मला त्यात वावगं काही वाटलं नाही. खरंच आहे; आमच्याकडेही पहिलं बोट धोट्यालाच लागतं, कारण कापड विणतो तो धोटा, खांब नुसते उभे असतात.

दसऱ्याला सकाळी मी नवं लुगडं नेसून, पेटी मागं ठेववून, पुढच्या सीटवर जाऊन बसले. दार मला लागेना. एकदा आपटलं, पुन्हा आपटलं. शेवटी ह्यांनी बाहेरून लावून दिलं. मग स्टार्टर ओढला. गाडी नुसती कण्हली. नणंदेनं हँडल मारलं, हे घामाघूम होईपर्यंत मारत राहिले, पण एक ठिणगी म्हणून पडेना. पेट्रोल पाहिलं, प्लग काढून पुसले. मी तशीच बसून. गल्लीतले माग माझ्यासाठी थांबायचे होते, आणि इथं गाडीच थांबून राहिली होती. रडू यायला लागलं तेव्हा मी उतरले.

तेवढ्यात ह्यांनी डिस्ट्रिब्यूटरचं झाकण काढलं. मी वाकून पाहिलं. आत सगळा लाल-पिवळा चिखल. रोटरला हळदीकुंकवाची बोटं, पॉइंटांना बोटं, आणि कुंकू चिकटून बसावं म्हणून ते तेलात कालवलेलं.

"हे कोणं केलं?" हे म्हणाले.

सासूबाई माझ्याकडे पाहून म्हणाल्या, "खाप्याकडची रीत दिसते." म्हणजे आदल्या दिवशी स्वतः काय सांगितलं ते विसरल्या, किंवा त्यांच्या मते धोटा म्हणजे स्टिअरिंगचं चाक असावं. नणंद हँडलशी उभी. तिचा चेहरा पांढरा पडला होता. जे चालतं त्याला तिनं लावलं होतं. गाडीत खरं चालतं ते उघडून बघणारी घरात दोघंच, आणि ती त्यांतली एक. चूक करावी तर तिनंच. एका शब्दात तिला उघडं पाडता आलं असतं. आणि मग काय झालं असतं? हे तिला जवळ घेऊन बसले असते, काय चुकलं ते समजावलं असतं, पुन्हा रोटर तिच्याच ओंजळीत. तिची चूकसुद्धा तिच्याच कामी आली असती. मला ते सहन झालं नाही.

"मी लावलं," मी म्हटलं.

नणंदेनं मान वर केली. ह्यांनी माझ्या हातांकडे पाहिलं. ओरडतील असं वाटलं, पण म्हणाले, "ये इकडे. काहून लावू नये ते पाहून घे."

आणि मी कडुलिंबाखाली, बॉनेटच्या आत डोकं घालून, ह्यांच्या खांद्याला खांदा लावून उभी राहिले. ह्यांनी आधी माझी बोटं पेट्रोलच्या चिंधीनं पुसली. मग रोटर माझ्या हातावर ठेवला. मी तो पुसला, झाकणातल्या पितळी खुंट्या पुसल्या, पॉइंटांमधून चिंधी ओढून काढली. ह्यांनी पातं माझ्या चिमटीत दिलं. "फटीत घाल. अडकू नये अन् सैल पण जाऊ नये." पातं शिरलं तेव्हा बोटाला बारीकसा ओढा लागला. मागाच्या फणीतून धागा ओढताना लागतो तोच. मला तो लहानपणापासून ओळखीचा.

"बरोबर आहे," मी म्हटलं. ह्यांनी स्वतः पातं घालून पाहिलं. बरोबरच होतं.

"वा," हे म्हणाले.

हँडलवर नणंद होती. त्याआधी ‘थांब’ म्हटल्यावर, इतक्या रविवारांत पहिल्यांदाच, तिचा हात पुढं गेला होता आणि पुन्हा फिरवावं लागलं होतं. मी तिच्याकडे पाहिलं. खिडकीतून बघताना माझं तोंड कसं दिसत असेल ते मला तेव्हा कळलं. मला बरं वाटलं. फार बरं वाटलं.

फक्त झाकण परत बसवताना मी चाचपडले. चाप कुठं आणि कसे लावायचे ते समजेना; ते ह्यांनी लावले. गाडी पहिल्या झटक्यात सुरू झाली.

सावनेरच्या रस्त्याला लागलो. मी पुढं, नणंद मागं पेटीशेजारी. खापरखेड्याच्या वीजघराची धुराडी लांबून दिसायला लागली तेव्हा हे रस्त्यावरची नजर न काढता म्हणाले, "कुंकू तू नाई लावलं. तुले ते झाकण उघडताच येत नाई."

मागून नणंद म्हणाली, "मी लावलं, भाऊ."

"मले माहीत आहे," हे म्हणाले. "तुले बोललो असतो तर सणासुदीचं रडत बसली असती. वहिनीनं अंगावर घेतलं, बरं केलं."

म्हणजे तो धडा, तो खांदा, तो ‘वा’ सगळं खरं होतं, पण ते बहिणीला वाचवायला होतं. मला वाटलं होतं मी तिची जागा घेतली; मी फक्त तिची चूक अंगावर घेतली होती. छातीत अशी आग झाली की खापा येईपर्यंत मी कन्हान नदीचं पात्रसुद्धा पाहिलं नाही.

गल्लीत मात्र ठरल्यासारखं झालं. माग थांबले, माणसं ओट्यावर आली, पोरं गाडीमागं धावली. वडील हात पुसत बाहेर आले आणि मला पुढच्या सीटवरून उतरताना पाहून त्यांचे डोळे भरले. ज्याच्यासाठी मी महिनाभर झुरले ते सगळं मिळालं. सोनं दिलं, जेवणं झाली. वडिलांनी जावयाला विचारून बॉनेट उघडायला लावलं, आणि मी बोटानं दाखवून सांगितलं, कुठं ठिणगी पडते. वडील मान डोलावत राहिले.

दिवस कलायला लागला तशी ह्यांची निघायची घाई झाली. माझी पेटी घरात गेलीच होती; ती भरली होतीही मीच. पण पुढं बसून यायचं एवढंच मी धरून ठेवलं होतं. गाडी परतही जाणार, हे डोक्यात आलंच नव्हतं.

नणंद मला वाकून नमस्कार करून गाडीकडे गेली. मागच्या दाराकडे नाही. पुढं बसली, दाराची मूठ धरून ते जरासं वर उचललं आणि आत ओढलं. एका हातानं, आवाज न करता, दार लागलं.

गाडी वळणाआड गेली तरी मी ओट्यावर उभीच होते. वडील म्हणाले, "काय पाहून राहिली, माय? चल, आत चल."

"काही नाई," मी म्हटलं. "ते दार उचलून लावावं लागते."