आमच्या चेसीचं माप बाहेर कोणी दिलं?

आधीच माफी मागतो. माझी शाळा आठवीत सुटली. ऱ्हस्व-दीर्घ चुकतं, शब्दही साधेच येतात. पण मुलुंडच्या आमच्या गॅरेजमध्ये किस्से ग्राइंडरच्या चुऱ्यासारखे साठतात. सकाळी झाडून काढा, संध्याकाळी पुन्हा पायाखाली!

गॅरेज भाऊंचं. इंजिन पक्या बघतो, वेल्डिंग मी. भाऊंनी भंगारातून गवत कापायचं मशीन आणलं, सीटवर बसून चालवायचं. पवईच्या निलेशच्या गॅरेजनेही तसंच एक उचललं होतं. झालं, दोघांची रेस ठरली!

*

मशीन उतरवतोय तोच समोरच्या सोसायटीचे सेक्रेटरी हजर.

"आमच्या गार्डनमधलं तर नाही ना हे?"

पक्या म्हणाला, "काका, तुमच्या गार्डनमध्ये गवत कुठाय? सगळे पेव्हर ब्लॉक!"

काका गेले. पण तेव्हापासून त्यांचा वॉचमन येता-जाता मशीन निरखून जातो.

*

पहिलं काम म्हणजे पाती काढून टाकणं. कोणी पडलं तर पाय जायला नको. मग चेसी, म्हणजे मशीनचा सांगाडा, खाली घ्यायची, कारण मूळ मशीन इतकं उंच की वळणावर उलटणारच. मी पुढचा एक्सल कापून एक वीत पुढे नेला आणि फ्रेम खाली बसवली. सांगायला लाज वाटते, पण ही आयडिया माझीच होती.

भाऊ खाली वाकून बघत राहिले. म्हणाले, "झकास! बाहेर कुठे बोलू नको. रेसला चालवणार पण तूच."

असं मला कधी कोणी काही चालवायला दिलं नव्हतं.

*

मग भाऊंनी चेसीवर चादर टाकायला सुरुवात केली. चहावाला आला, टाक चादर. कुरियरवाला आला, टाक चादर. एकदा वहिनी डबा घेऊन आल्या, तरी चादर!

वहिनी म्हणाल्या, "अहो, ही माझी चादर! कधीपासून शोधतेय मी!"

*

एक दिवस पक्या पार्ट आणायला पवईला गेला आणि चेहरा पाडून परत आला.

"भाऊ, वाट लागली! निलेशचा एक्सल पण एक वीत पुढे. फ्रेम पण सेम खाली!"

भाऊ माझ्याकडे वळले. "आयडिया तुझी ना? मग तूच बोलला असशील."

पक्या मध्ये पडला. "हा? अहो भाऊ, हा चहात साखर जास्त झाली तरी सांगत नाही. तसाच पितो!"

"आतली बातमी फोडणारे असे गप्पच असतात," भाऊ म्हणाले. "खरं कळेपर्यंत तू सीटवर बसायचं नाहीस."

*

भाऊंनी सापळाही लावला. माझ्या कानात सांगितलं, "टायर मोठे लावायचेत." पक्याच्या कानात, "छोटे लावायचेत." यातलं पवईला काय पोचतं ते बघायचं होतं.

पवईला काहीच पोचलं नाही. मी मोठे टायर आणले, पक्याने छोटे. एकही बसेना!

*

रेसच्या आदल्या दिवशी भाऊंनी गाऱ्हाणं घालायचं ठरवलं. आमच्या कोकणात नारळ ठेवून एकजण देवाला सांगतो आणि बाकीचे "व्हय म्हाराजा" म्हणतात. खोटं असेल त्याच्या तोंडून ते निघत नाही, असं भाऊंचं मत.

चेसीवर नारळ ठेवून भाऊ गरजले, "बा देवा म्हाराजा! जेणा कोणी आमच्या चेसीचा माप भायर दिल्यान आसात, तेका आज हयच उघडो पाड रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" पक्या ओरडला. माझ्या तोंडून नुसती हवा.

"परत म्हण."

मी म्हटलं. ते शेजारी उभ्या पक्यालाही ऐकू गेलं नाही.

"बघ! निघत नाही!" भाऊ म्हणाले.

वहिनी डबा घेऊन दारात उभ्या होत्या. "तो माझ्याशी पण असोच बोलता. आणि तुमी खंय म्हटलास? गाऱ्हाणा घालणाऱ्याक म्हणूचाच लागणा नाय! सरा बाजूक."

त्यांनी पदर खोचला, नारळावर हात ठेवला आणि तेच गाऱ्हाणं पहिल्यापासून घातलं.

पक्या ओरडला. मी डोळे मिटले आणि असा ओरडलो, की रस्त्यावरची माणसं थांबली. "व्हय म्हाराजा!"

मग आम्ही तिघं भाऊंकडे बघत राहिलो.

भाऊंनी खिशातून फोन काढला. वाजत नव्हता. तो कानाला लावून, "हां, बोला बोला, ऐकतोय," करत ते गॅरेजच्या बाहेर गेले.

वहिनींनी नारळ फोडला आणि पहिला तुकडा माझ्या हातावर ठेवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी भाऊंच्या आधी येऊन शटर उघडलं, हेल्मेट घातलं आणि सीटवर बसून त्यांची वाट बघत राहिलो.