कांद्यातली वाट

सरपंच होऊन मला तीन आठवडे झाले होते, तेव्हाची गोष्ट. आमच्या रानाला लागून झेंडू करणारे म्हातारे आप्पा सकाळीच ओसरीवर येऊन बसले. आजवर "सूनबाई, च्या टाक" म्हणणारे आप्पा त्या दिवशी एकदम "सरपंच, तुम्ही" करू लागले. माझा गोंधळ तिथंच सुरू झाला.

"पुण्याच्या त्या पाव्हण्यानं जमीन घेतली आन् वाटंवर तार मारली," ते म्हणाले. "दसरा चार दिवसांवर हाय. पिकअप येणार कुठनं? फुलं काय डोक्यावर न्यायची? तुम्ही सांगा त्याला तार काढायला."

"उद्या काढते," मी म्हणाले. कुठल्या तोंडानं म्हणाले, देव जाणे!

ग्रामसेवक म्हणाले, "ती वाट आपल्या नोंदीतच नाही. तार काढलीत तर तुमच्यावरच केस होईल." तलाठी मॅडम म्हणाल्या, रस्ता खुला करायचा हुकूम तहसीलदारांचा. शिरूरला तहसील कचेरीत गेले, तर तिथला क्लार्क म्हणाला, अर्ज द्या, मग नोटीस निघेल, मग पाहणी. तोवर दसरा काय, दिवाळीसुद्धा उरकली असती.

"अहो, मग मी सरपंच कशाची?" मी चिडून विचारलं.

"पाणी, दिवाबत्ती, गटार," असं म्हणून त्यानं पुढची फाइल उघडली. असा राग आला म्हणता! पण काढायचा कुणावर, तेच कळेना. सगळे खरंच बोलत होते.

परत येताना तलाठी मॅडमकडं गावचा नकाशा बघितला. आप्पांच्या रानाला जाणारी गाडीवाट त्यावर होती, पण ती पाव्हण्याच्या जमिनीतून जातच नव्हती. मॅडमनी बोट ठेवलं तो गट आमचा होता. तिथं आता आमचा कांदा उभा होता.

घरी येऊन सासऱ्यांना विचारलं. तंबाखू मळता मळता ते म्हणाले, "दर साली नांगर जरा आत घालायचो. सगळेच घालत्यात. वाट कवा संपली, कळलंच न्हाई." वाट संपल्यावर लोक शेजारच्या पडीक रानातून जायला लागले, आणि पुढं तीच वाट ठरली. आता त्या रानाला मालक मिळाला होता.

मी ट्रॅक्टरवाल्याला फोन लावला. आमचे हे शिक्रापूरला कंपनीत. त्यांच्या कानावर गेलंच. "महिन्यात कांदा निघंल आन् तू त्यात रस्ता पाडतीस? कुणी अधिकार दिला तुला?" ते फोनवर ओरडले. मला रडू आलं, पण ट्रॅक्टरवाल्याला नको म्हटलं नाही.

दुसऱ्या दिवशी ट्रॅक्टरनं उभ्या कांद्यातून दहा फुटांचा पट्टा मोडला. सासरे बांधावर उभे होते. त्यांनी हो म्हटलं नाही, थांबवलंही नाही. दुपारी झेंडूनं भरलेली पिकअप त्या वाटेनं बाहेर पडली.

तिच्या मागोमाग आप्पा पंचायतीत आले. हातात कागद. "सरपंच, सही-शिक्का करा. पुन्ना कुणी ही वाट नांगराय नगं." सासरेही बाकावर बसलेले. मी शिक्का उचलला, तर ग्रामसेवक म्हणाले, "मॅडम, असं लिहून द्यायचा अधिकार सरपंचाला नाही. जमिनीच्या मालकानं दिलं तर गोष्ट वेगळी."

मग मालकीण म्हणून पेन घेतलं, आणि हात थांबला. सातबाऱ्यावर माझं नाव कुठं होतं? सरपंचाला अधिकार नाही, सुनेचं नाव नाही. मग सकाळी उभा कांदा मोडला, तो मी कोण म्हणून मोडला?

सासरे उठले. माझ्या हातातलं पेन घेऊन त्यांनी कागदावर वाकडीतिकडी सही केली आणि तो माझ्याकडं सरकवला.

"आता मार तुझा शिक्का," ते म्हणाले. "चालंल न चालंल, मार."