नाही म्हणायला शिकवणाऱ्या बाई

बाईंच्या खोलीत चहा नाकारला की त्या खूश व्हायच्या. आमच्याकडे समोर आलेला चहा परत करणं म्हणजे घरच्यांचा अपमान. पण बाईंचं सगळंच उफराटं. लकडगंजात एका लाकडाच्या वखारीच्या माडीवर त्यांची खोली होती. पाटीवर 'मानसशास्त्रीय सल्ला' लिहिलेलं, त्यामुळे जिना चढणारी बाई वेडीच असणार, असं खालच्या हमालांना वाटे. खरं सांगायचं तर मलाही तसंच वाटत होतं.

मी उमरेडच्या विणकरांची लेक, सत्तरच्या दशकात लग्न होऊन नागपुरात आलेली. आमचे हे शाळामास्तर, स्वभावानं गरीब. पण ह्यांनी नुसता खांद्यावर हात ठेवला तरी माझं अंग लाकूड व्हायचं, श्वास अडकायचा. सासूबाईंनी अंगारे-धुपारे करून पाहिले आणि शेवटी ह्यांना निर्वाणीचं सांगितलं, "दिवाळीपर्यंत संसार लागला नाही, तर पोरीले उमरेडले पोचवून दे." तेव्हा ह्यांनीच कुठून तरी बाईंचा पत्ता काढला.

बाईंचा पहिला प्रश्न होता, "माझी खुर्ची कुठं ठेवू वं?" एवढी शिकलेली बाई आणि खुर्ची कुठं ठेवायची कळत नाही! मी पलीकडच्या भिंतीकडे बोट दाखवलं, तर त्या खरंच तिथं जाऊन बसल्या आणि तिथूनच बोलू लागल्या. खालच्या करवतीच्या आवाजात निम्मं ऐकूच येत नव्हतं. मला काय झालं होतं, हे मात्र त्यांनी विचारलं नाही. "सांगाची घाई नाही. आधी इथं निवांत बसता आलं पाहिजे."

मी दर खेपेला त्यांचा चहा मुकाट पीत होते. एकदा त्यांनी कपाकडे पाहत विचारलं, "तुले चहा आवडत नाही ना?"

"नाही."

"मंग काहून पिऊन राहिली?"

"तुम्ही दिला म्हणून."

बाई हसल्या नाहीत. "जिले नाही म्हणता येत नाही, तिच्या 'हो'ले तरी काय अर्थ वं?"

तिथून माझा अभ्यास सुरू झाला. बाई चहा, बिस्किट, पंखा काय वाटेल ते देऊ करायच्या आणि मी नको म्हणायचे. आधी पुटपुटत, मग ठणकावून. अशाच एका दुपारी मी सांगून टाकलं. लहानपणी घरच्या हातमागाच्या खोलीत नात्यातल्या एका माणसानं मागून येऊन माझं तोंड दाबलं होतं. त्यापुढचं मी आईलाही कधी सांगितलं नव्हतं. 'विसरून जा' असं बाई म्हणाल्या नाहीत. "तुझी काडीची चूक नव्हती. तुझं अंग अजून त्याच खोलीत अडकून आहे. त्याले ओढाचं नाही, धीरानं बाहेर आणू." मी पोटभर रडले.

मग ह्यांची पाळी आली. हात धरायचा तरी आधी विचारायचं, असं बाईंनी सांगितल्यावर हे गडबडले. "आपल्याच बायकोले का कोणी इचारते?"

"मंग का शेजाऱ्याच्या बायकोले इचारता, मास्तर?"

त्या संध्याकाळी ह्यांनी वर्गात हजेरी घ्यावी तशा आवाजात विचारलं, "हात धरू का वं?" मी म्हणाले, "नाही." हे "बरं" म्हणाले आणि पेपर वाचू लागले. ना रुसवा, ना धुसफूस. माझ्या 'नाही'ला आयुष्यात पहिल्यांदा कुणी 'बरं' म्हटलं होतं.

दिवाळी आली नि गेली. सासूबाईंनी माझी पेटी ओसरीवर आणून ठेवली. ह्यांनी ती उचलून परत आत नेली. पुढं उन्हाळ्यात गच्चीवरचं वाळवण उचलताना मीच ह्यांचा हात धरला. हे असे दचकले की मला हसू आवरेना. आमचा संसार तिथून लागला.

बाई बाहेर भेटल्या तर ओळख दाखवत नसत. एकदा बाजारात मी लेकीला कडेवर घेऊन कौतुकानं पुढं झाले, तर त्या थांबल्या नाहीत. मला फार लागलं ते. पुढं उमगलं, त्यांच्या ओळखीनं लोक मला वेडी ठरवतील, याची त्यांना काळजी होती. ओळख सांगायची की नाही, हे त्यांनी माझ्यावर सोडलं होतं.

त्या गेल्याचं कळलं तेव्हा मी त्यांच्या घरी गेले. खोलीभर बायका एकमेकींची नजर चुकवत बसल्या होत्या. बाईंची भाची प्रत्येकीला विचारत होती, "तुम्ही मावशीच्या कोण?" कुणी म्हणे शेजारीण, कुणी म्हणे ओळखीची. ती माझ्यापाशी आली.

"मी त्यांची पेशंट," मी म्हणाले.

मग भिंतीशी बसलेल्या एका म्हाताऱ्या बाईनं पदरानं डोळे पुसले आणि म्हणाली, "मी बी, पोरी."